रॅमसे बोलतोय

खोली भाड्याने देताना घरमालक काय विचारतो? नोकरी कुठे, सिगारेट ओढता का, फोडणी घालणार का. आमच्या रॅमसेबुवांनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा : "तुमचं आडनाव जगात कुठे कुठे आहे?"

मी पीएच.डी.साठी जर्मनीत कायझर्सलाउटर्नला नुकताच येऊन पडलो होतो. दोन हजार तीन साल. डोक्यावर छप्पर हवं होतं, परीक्षा नको होती. म्हटलं, "कुलकर्णी? सगळीकडे. नुसत्या पुण्याच्या डिरेक्टरीत पानंच्या पानं आहेत."

"पानं?" म्हातारा खुर्चीतून अर्धा उठला. "एकाच घराण्याची?"

"छे हो. हुद्दा तो. गावाचं दप्तर सांभाळणारा म्हणजे कुलकर्णी. गाव तिथे कुलकर्णी."

त्याने माझ्याकडे अशा काही कणवेने बघितलं, की मला वाटलं खोली गेली. "म्हणजे तुमच्यातला कोणी हरवला तर सापडायचा नाही," तो म्हणाला आणि किल्ली माझ्या हातात ठेवली.

भाडेकरार छापील होता, पण खाली हिरव्या शाईने हाताने लिहिलेलं एक कलम होतं. घरमालक घरात नसताना बोळातला फोन वाजला, तर भाडेकरूने धावत जाऊन तो उचलावा आणि 'रॅमसे' असं म्हणावं. जर्मन माणूस फोनवर हॅलो म्हणत नाही, आडनाव सांगतो, हे मला ऐकून माहीत होतं. पण दुसऱ्याचं आडनाव मी कशाला सांगू? पहिल्याच आठवड्यात फोन वाजला आणि मी सवयीने "हॅलो" म्हटलं.

पलीकडून म्हातारा कडाडला, "या घरात हॅलो नावाचं कोणीही राहत नाही!"

बेटा कोपऱ्यावरच्या फोनबूथमधून माझी परीक्षा घेत होता. नंतर दोन महिने तो बाजारात गेला की मी दाढी अर्धी ठेवून पळायचो. "रॅमसे!" म्हणायचो. पलीकडून समाधानाने "गेनाऊ", म्हणजे बरोबर, असं ऐकू यायचं आणि फोन खाली.

आमच्या पिढीच्या मराठी माणसाला हे आडनाव ऐकलं की भुताचे सिनेमे आठवतात. मी तसं त्याला सांगितलंही. तो ढिम्म हलला नाही. त्याच्याकडे एक खोकं होतं, त्यात त्या आडनावाचं सगळं मूळ-कूळ कार्डांवर लिहून ठेवलेलं होतं आणि ते तो सूपबरोबर वाढायचा. स्कॉटलंडमधलं मोठं मातब्बर आडनाव म्हणे. पण मूळ तिथलं नाहीच. मूळ इंग्लंडातल्या दलदलीत बेटासारखं एक गाव होतं, तिथे रानलसूण माजायचा. त्यांच्या जुन्या भाषेत लसणाचं बेट म्हणजे रॅमसे. तिथला कोणी एक बाराव्या शतकात स्कॉटलंडच्या राजामागोमाग उत्तरेला गेला, त्याला जमीनजुमला मिळाला, पुढे त्याचे वंशज सरदार, उमराव वगैरे झाले.

"म्हणजे एवढ्या थोर स्कॉटिश आडनावाचे लोक मुळात इंग्लिश, आणि अर्थ लसूण," मी म्हटलं. "आमच्याकडे असता तर तुम्ही लसूणबेटकर झाला असता."

मला वाटलं चिडेल. त्याने कार्ड काढलं, माझ्याकडून ते नीट म्हणवून घेऊन जर्मन अक्षरांत लिहिलं, खाली 'भारतीय मत' असा शेरा मारला आणि खोक्यात टाकलं.

दर एप्रिलमध्ये तो पिशवी घेऊन जंगलात जायचा. पूर्वजांना भेटायला जातो म्हणायचा. येताना पिशवीभर रानलसणाची पानं. मग आठवडाभर घरात लसणाचं सूप, लसणाची चटणी, लसणाचं लोणी. मी कोल्हापूरला चार वर्षं मेसमध्ये जेवलेला माणूस, लसणाला घाबरणारा नव्हे. पण सातव्या दिवशी इन्स्टिट्यूटमधल्या मुलींनी माझ्या टेबलाशेजारची खिडकी न विचारता उघडली.

स्वयंपाकघराच्या भिंतीवर तीन नकाशे होते. जन्मभर सर्व्हेच्या कचेरीत नकाशे काढायची नोकरी केलेला माणूस, तेव्हा नकाशे असे सुबक की बघत राहावं. एक स्कॉटलंड, एक जर्मनी, एक उरलेलं जग. जिथे जिथे रॅमसे तिथे टाचणी. स्कॉटलंडच्या पूर्वेकडे टाचण्यांची दाटी. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, अमेरिकेतही तेच. आणि जर्मनी? जवळजवळ मोकळा. डिरेक्टरीची नवी आवृत्ती आली की हा भिंग घेऊन बसायचा. मी त्याला डिरेक्टरीची सीडी आणून दिली, नाव टाकलं की यादी हजर. त्याने यादी बघितली आणि म्हणाला, "बरोबर आहे. पण यात शोधण्याची मजा नाही." आणि पुन्हा भिंग.

हे सगळं तो कशासाठी करतो, ते मला पहिल्याच हिवाळ्यात कळलं. तो मेहुण्याला शोधत होता. बायकोच्या भावाला. आपल्याकडे मेहुणा घरी येऊन राहू नये म्हणून लोक देव पाण्यात बुडवून बसतात. हा बाबा न बघितलेल्या मेहुण्यासाठी देशोदेशीच्या डिरेक्टऱ्या धुंडाळत होता.

बायको जाऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. तिचा जन्म एल्बिंगचा. ते गाव आता पोलंडमध्ये आहे, तेव्हा प्रशियात होतं. कधीकाळी स्कॉटलंडमध्ये पोटाला मिळेना म्हणून पुष्कळ लोक पाठीवर गाठोडं मारून त्या किनाऱ्याला उतरले, सुया-दोरे आणि कापड विकत गावोगाव फिरले. त्यातलाच एक रॅमसे एल्बिंगात रुजला. पंचेचाळीसच्या हिवाळ्यात रशियन फौजा आल्या तेव्हा त्याचे वंशज गठुडी घेऊन पुन्हा रस्त्यावर. ही दहा वर्षांची, भाऊ पाच वर्षांचा. एका स्टेशनात इतकी गर्दी की आईने पोराला खिडकीतून आत दिलं, आपण दरवाजाकडे धावली आणि गाडी सुटली. त्यानंतर त्याचा पत्ता नाही.

आता तुम्ही म्हणाल, बायकोच्या भावाचं आणि याचं आडनाव एक कसं? तर हे महाशय जन्माने श्मिट. इथलेच, कायझर्सलाउटर्नचे. लग्नात यांनी बायकोचं आडनाव लावलं. शेजारच्या बाईंनी मला हे कुंपणावरून, आवाज खाली करून सांगितलं. सर्व्हेच्या कचेरीत म्हणे लोक वर्षभर हसत होते. मीही हसलो. बायकोच्या ताटाखालचं मांजर, वर तिच्या स्कॉटिश सरदारकीची भुरळ, असा मी निकाल देऊन टाकला. आपण मराठी माणसं. लग्नात तांदळात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहिणारे आपण. नवऱ्याचं नाव बदललेलं कोणी बघितलंय?

कायझर्सलाउटर्नच्या आसपास अमेरिकन लष्कराचे तळ आहेत, त्यामुळे गावात अमेरिकन पुष्कळ. म्हाताऱ्याने कुठल्याशा न्हाव्याकडून त्यांची टेलिफोन यादी मिळवली आणि त्या दिवशी मोकळ्या जर्मनीत आमच्याच गावाभोवती टाचण्यांचं मोहोळ उठलं. त्याने प्रत्येकाला पत्र लिहिलं. पत्राचं इंग्रजी माझं. रविवारी दुपारी कॉफी आणि केक, रॅमसे कुटुंबीयांचा मेळावा.

मेळाव्याला एकच जण आला. सहा फुटांहून उंच कृष्णवर्णीय सार्जंट, अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात स्वतः भाजलेला केक. मी मनात म्हटलं, आता बघू या सरदार घराण्याची कशी तंतरते. पण म्हाताऱ्याने दोन्ही हातांनी त्याचा हात धरला आणि मला म्हणाला, "विचारा, कुठल्या शाखेचे?"

मी विचारलं. सार्जंट मनापासून हसला. "शाखा कसली? माझ्या पणज्याच्या बापाला ज्याने विकत घेतलं, त्याचं हे आडनाव."

मी भाषांतर केलं. म्हाताऱ्याने क्षणाचाही विचार न करता विचारलं, "मग सुटका झाल्यावर टाकून का नाही दिलं?"

हे इंग्रजीत करताना माझी जीभ अडखळली. सार्जंटला मात्र राग आला नाही. "आमच्या घरात सांगतात ते असं," तो म्हणाला. "त्याची बायको आणि दोन मुली आधीच दुसरीकडे विकल्या गेल्या होत्या. त्या शोधत आल्या असत्या तर कुठल्या नावाने शोधत आल्या असत्या? त्यांना तेवढंच नाव माहीत होतं. म्हणून ठेवलं."

"आल्या का?"

"नाही."

म्हातारा उठला. टाचण्यांची डबी आणली, सार्जंटपुढे धरली आणि जगाच्या नकाशाकडे बोट दाखवलं. एरवी त्या नकाशाला तो मला हात लावू द्यायचा नाही. सार्जंटने जॉर्जियातल्या एका गावावर टाचणी टोचली. मग दोघांनी मिळून दोन्ही केक संपवले. मला एक तुकडा मिळाला.

फुटबॉलच्या वर्ल्डकपच्या उन्हाळ्यात आई-बाबा आले. बाबा साताऱ्याला शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. घरमालकाचं आडनाव मी पत्रात कधी कळवलं नव्हतं. दारावरची पितळी पाटी वाचून बाबा पायरीवरच थबकले.

"रॅमसे? अरे, यांच्याच घराण्यातल्या माणसाने आपला सातारा खालसा केला!"

"बाबा, आधी बूट काढा."

"बूट काढतो. पण विचार त्याला."

मग काय, सातारकर मास्तर आणि समोर पहिल्यांदाच मिळालेला गुन्हेगार. बाबांनी तास घेतला. राजाला मूलबाळ नव्हतं, त्याने मरणापूर्वी रीतसर दत्तक घेतला होता, पण कलकत्त्याला बसलेल्या गव्हर्नर जनरलने, म्हणजे इतिहासात सरदारकीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, पण जन्माने रॅमसे असलेल्या माणसाने, दत्तक नामंजूर करून राज्य गिळलं. मी भाषांतर करून करून घामाघूम. म्हातारा खाली मान घालून ऐकत होता. बाबा थांबल्यावर तो उठला, कोटाची बटणं लावली आणि म्हणाला, "घराण्याच्या वतीने मी आपली माफी मागतो."

बाबांनी अशी माफी आयुष्यात बघितली नव्हती. जन्माने श्मिट असलेल्या माणसाने साताऱ्याची माफी मागितली आणि बाबांनी ती गंभीरपणे स्वीकारली, हे सांगून कोणाला पटायचं नाही. पण मी तिथे होतो. म्हाताऱ्याने साताऱ्यावर एक काळी टाचणी टोचली.

त्यानंतर दोघांची गट्टी जमली, भाषेशिवाय. ऑस्ट्रेलियाचे सामने आमच्या गावात होते, तेव्हा स्टेशनवर पिवळ्या टी-शर्टांचा पूर. ऑस्ट्रेलियात रॅमसे पुष्कळ, हे म्हाताऱ्याला पाठ. त्याने पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत 'रॅमसे?' असं लिहिलं आणि स्टेशनबाहेर जाऊन उभा राहिला. शेजारी दुसरा पुठ्ठा धरून माझे वडील, डोक्यावर टोपी, गळ्यात मफलर, जून महिन्यात. लोकांना वाटलं टॅक्सीवाले आहेत. एक तर्र झालेला गडी "मीच रॅमसे" म्हणून आला आणि त्याला फक्त हॉटेलपर्यंत पोचायचं होतं. चार तास उभे राहून दोघं उन्हाने लाल होऊन परतले, हात हलवत.

आईने शिरा केला होता. वाढता वाढता तिने मला विचारलं, "अरे, हे दोघं खुळ्यासारखे तिथे कशाला उभे होते?" मी तिला मेहुण्याची गोष्ट सांगितली. स्टेशन, गर्दी, खिडकी, पाच वर्षांचं पोर. आईचा हात डावासकट तसाच राहिला.

"अहो," ती बाबांना म्हणाली, "परवा दत्तकाचं एवढं ऐकवलंत त्यांना, तुमच्या कसं लक्षात आलं नाही? पाच वर्षांचं पोर. कोणीतरी घरी नेलं असेल, न्हाऊमाखू घातलं असेल, पोटचं म्हणून वाढवलं असेल. मग त्याचं आडनाव रॅमसे राहील का? दत्तक गेलं की नाव बदललं. हे इतकी वर्षं त्या नावाचा माणूस शोधतायत. यांना कोणी सांगितलंच नाही?"

तीन वर्षं मी त्या नकाशांखाली जेवत होतो आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"काय म्हणाल्या?" म्हाताऱ्याने विचारलं.

"काही नाही. शिरा हवा का विचारतेय."

"एवढी वाक्यं शिऱ्यासाठी लागत नाहीत, हेर कुलकर्णी." हेर म्हणजे त्यांच्याकडचं श्रीयुत.

सांगावं लागलं. त्याने चमचा बशीत ठेवला.

"होय," तो म्हणाला. "बरोबर आहे त्यांचं. माझ्या बायकोला हे पहिल्यापासून ठाऊक होतं."

"मग या टाचण्या?"

"टाचण्या हा माझा छंद आहे. निवृत्त माणसाने करायचं काय?" मग तो आईकडे बघून, हळूहळू, मला भाषांतराला वेळ देत बोलला. "तो आम्हाला सापडणार नाही. आम्ही त्याला सापडलो पाहिजे. आईने त्याला एकच गोष्ट घोकून दिली होती, कोणी विचारलं तर सांगायची म्हणून. आडनाव. आज तो कोणी मायर असेल, वेबर असेल. पण पाच वर्षांचं पोर आपलं नाव विसरत नाही. कधीतरी डिरेक्टरी उघडून तो 'आर'खाली बघेल. तिथे कोणीतरी असायला नको? हेर कुलकर्णी, त्या सार्जंटने काय सांगितलं होतं?"

लग्नाचंही तेव्हाच कळलं. लग्न केलं तर नवऱ्याचं आडनाव घ्यावं लागणार, असा तेव्हाचा कायदा. मागे जोडून लावता आलं असतं, पण मग डिरेक्टरीत ती श्मिटांच्या गर्दीत गेली असती. म्हणून तिने लग्नालाच नकार दिला. हा थांबला. चौदा वर्षं थांबला. सत्तरच्या दशकात कायदा बदलला, नवऱ्याला बायकोचं नाव घ्यायची मुभा मिळाली, आणि दोघं पहिल्या आठवड्यात कचेरीत हजर.

"श्मिट लाखांनी आहेत," तो म्हणाला. "एक कमी झाला तर कोणाला कळतंय?"

मला माझीच लाज वाटली. ताटाखालचं मांजर म्हणालो होतो मी या माणसाला. आईने त्याच्या बशीत शिऱ्याचा डोंगर केला आणि पदराने डोळे पुसत आत गेली. त्याने तो सगळा संपवला.

दोन वर्षांनी त्याचे पाय गेले. वृद्धाश्रमात जाणं भाग होतं. घर पुतण्या विकणार होता, तो श्मिट. एप्रिल होता, जंगलात या वर्षी मी एकटाच जाऊन पानं आणली होती. सूप पिता पिता म्हातारा म्हणाला, "हेर कुलकर्णी, मी तुम्हाला दत्तक घेऊ का?"

माझ्या नाकात सूप गेलं.

थट्टा नव्हती. जर्मनीत मोठ्या माणसालाही दत्तक घेता येतं आणि दत्तक जाणाऱ्याला आडनाव मिळतं. त्याने अर्जसुद्धा आणून ठेवला होता. खोटं कशाला बोलू, मी हललो. या माणसाने कोणाकडे काही मागितलं नव्हतं. मी साताऱ्याला फोन लावला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. बराच वेळ घसा खाकरला.

"माणूस देवमाणूस आहे," ते म्हणाले. "जन्मभर त्याची सेवा कर, माझी ना नाही. पण सातारचा कुलकर्णी रॅमसे होणार? नाही जमणार. त्याला सांग, दत्तक नामंजूर."

आणि मग त्यांच्या स्वतःच्याच लक्षात आलं ते काय बोलले.

मी भीत भीत ते जसंच्या तसं म्हाताऱ्याला सांगितलं. तो आधी माझ्याकडे बघत राहिला आणि मग इतका हसला, इतका हसला, की शेजारच्या बाई कुंपणाशी आल्या. "तुमच्या वडिलांना सांगा," तो डोळे पुसत म्हणाला, "फिट्टंफाट झाली." त्याने स्वतः चाकाची खुर्ची भिंतीशी नेली आणि साताऱ्यावरची काळी टाचणी काढून टाकली.

मग हसू ओसरलं. नकाशाकडे पाठ करून त्याने विचारलं, "नाव राहू दे. फोन तरी घ्याल?"

तो मी घेतला. नंबर गावातल्या गावात माझ्या नव्या फ्लॅटवर आणला. एका नंबरवर दुसऱ्या माणसाचंही नाव डिरेक्टरीत देता येतं, त्याचा एक अर्ज असतो, तो भरला. वृद्धाश्रमात भेटायला गेलो की तो तब्येतीचं बोलू द्यायचा नाही. "फोन?" एवढंच विचारायचा. मी मान हलवायचो. दीड वर्षाने तो गेला. त्याच्या दफनाला सार्जंट अमेरिकेतून येऊ शकला नाही, पण फुलं आली. त्यांवरच्या पट्टीवर एकच शब्द होता, आडनाव.

मला तो माणूस फार आठवतो. माझं लग्न ठरलं तेव्हा होणाऱ्या बायकोला मी आधी फोनचं कलम सांगितलं, पगार नंतर. तांदळात काही लिहायचं नाही, हेही तेव्हाच ठरवलं. डिरेक्टरी आता कोण उघडतो, आणि मेहुणा असलाच तर केवढा म्हातारा असेल, हे मला काय कळत नाही? फोन येतात ते बहुतेक काहीतरी विकणाऱ्यांचे. तरी जगाच्या नकाशावर रॅमसे कुठे कुठे आहेत याची कोणी मोजदाद केलीच, तर जर्मनीतली एक टाचणी म्हणजे सातारच्या कुलकर्ण्यांचं घर आहे.

रविवारी सकाळी हमखास फोन वाजतो. मी उचलतो आणि म्हणतो, "रॅमसे."

"हं, रॅमसेसाहेब," पलीकडून बाबा. "सातारा परत कधी देताय?" दर रविवारी हेच. स्वतःच हसतात आणि फोन आईकडे देतात. आई माझं जेवणखाण विचारत नाही, थंडी विचारत नाही.

"कोणाचा फोन आला होता का रे?"

"नाही, आई."

"बरं," ती म्हणते. "मग ठेव आता. उगाच लाइन अडकवून ठेवू नकोस."